मेघदूत ते मेघराज : थैलीतल्या पत्राची जबाबदारी कोणाच्या हाती?

४ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय टपाल खात्याच्या सर्वच्या सर्व २३ परिमंडळांत एकच नवी संगणकप्रणाली कार्यान्वित झाली. ‘अ‍ॅडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी’, संक्षेपाने ‘एपीटी’, हे तिचे नाव. त्याआधी वीसच दिवस शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकावरून पृथ्वीवर परतले होते आणि देशातील विज्ञानवार्तांचे रकाने त्यांच्या प्रवासाने भरून गेले होते. टपालाच्या बातमीला तेवढी जागा मिळणे शक्यच नव्हते. तरीही तिचे आकारमान ध्यानात घेण्याजोगे आहे. १ लाख ७० हजारांहून अधिक कार्यालये, ४ लाख ६० हजारांहून अधिक प्रशिक्षित कर्मचारी, सुमारे ५,८०० कोटी रुपयांची गुंतवणूक, आणि एका दिवसात ३२ लाख वस्तूंची नोंदणी व ३७ लाख वस्तूंचे वितरण हाताळण्याची सिद्ध झालेली क्षमता. ठिकठिकाणी एखाददुसऱ्या दिवसापुरते व्यवहार थांबवून जगातील सर्वांत मोठे टपालजाळे एका प्रणालीवरून दुसरीवर आले.

या स्थित्यंतरात नावांचा एक गमतीदार योग जुळून आला आहे. टपाल खात्याने पूर्वी स्वतःच घडवलेल्या आणि देशभरच्या काउंटरवर अनेक वर्षे चाललेल्या संगणकप्रणालीचे नाव होते ‘मेघदूत’. नवी प्रणाली ज्या सरकारी क्लाउडवर उभी आहे, त्याचे नाव ‘मेघराज’. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर दिवस कंठत होता, तो नागपूरजवळचा रामटेक, अशी विदर्भाची जुनी श्रद्धा. त्यामुळे मराठी वाचकाला या नावांत थोडी घरोब्याची भावना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु टपालाच्या दृष्टीने पाहिले तर त्या काव्यातील व्यवहार अपुराच राहतो. यक्ष मेघाला मार्ग सांगतो, पत्ता सांगतो, निरोप सांगतो. निरोप अलकेला पोहोचला की नाही, हे मात्र त्याला कळत नाही. मेघाने पोचपावती आणली, असा उल्लेख नाही.

टपाल खात्याचे सारे शास्त्र या पोचपावतीत आहे. पत्र इकडून तिकडे नेणे हे काम बैलगाडीही करते. नोंदवलेले पत्र या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर कधीही देता येणे, हे काम टपाल खाते करते. काउंटरवर पावती फाडली की पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्याकडून खात्याकडे येते. थैली लाखेच्या मोहरेने बंद होते, तिच्यासोबत आतल्या वस्तूंची यादी जाते, रेल्वेच्या टपाल डब्यात किंवा वर्गीकरण केंद्रात ती उघडली की यादीशी वस्तू ताडून घेतली जाते, आणि घेणाऱ्याची सही झाली की देणारा मोकळा होतो. शेवटची सही दारातल्या माणसाची. ही साखळी कुठेही तुटता कामा नये, आणि एकाच वेळी दोन हातांत तीच वस्तू आहे असे तिच्यात कधी दिसता कामा नये.

संगणकशास्त्रात याच कल्पनेला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. तिला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे अग्रगण्य. त्यांना १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. १९८१ च्या आपल्या निबंधात त्यांनी या कल्पनेचे मूळ कराराच्या कायद्यात दाखवले होते. दोन पक्ष बोलणी करतात, मग सही होते, आणि सहीनंतर मागे फिरता येत नाही. करार चुकला असेल तर तो दुसऱ्या कराराने दुरुस्त करावा लागतो. व्यवहार एक तर पूर्ण होतो किंवा झालाच नाही असे मानले जाते. अर्धा व्यवहार ही अवस्था शिल्लक राहत नाही. मराठीतला ‘व्यवहार’ हा शब्द या अर्थाला अगदी नेमका बसतो, कारण त्यात देणेघेणेही आहे आणि वागण्यातला चोखपणाही.

या दृष्टीने एका टपाल सहायकाची कारकीर्द डोळ्यांसमोर आणावी. बेळगाव परिसरातल्या एखाद्या उपडाकघरात १९८७ मध्ये तो रुजू झाला असे समजू. घरी मराठी, काउंटरवर कन्नड आणि मराठी दोन्ही, वरिष्ठांच्या पत्रांत इंग्रजी. स्पीड पोस्ट सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याच्या हाताखाली कार्बन कागद, नोंदवही, शिक्का आणि लाख वितळवायची मेणबत्ती होती. संध्याकाळी रोकड, तिकिटे आणि पावत्या यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नसे. चार आणे कमी भरले तरी तो शोध रात्रीपर्यंत चाले, आणि सापडले नाहीत तर स्वतःच्या खिशातून भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा वही चाळली जाई. हिशेब चुकला तर तो आपलाच, हा धडा त्याने पहिल्या महिन्यात शिकला.

पुढे मेघदूत आले. कार्यालयातच एका कोपऱ्यात सर्व्हर, त्यावर त्या कार्यालयाचा हिशेब, आणि ठरावीक वेळी वरच्या केंद्राकडे माहिती रवाना करण्याची रीत. वही पडद्यावर आली, पण ती त्याच इमारतीत राहिली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने ४,९०९ कोटी रुपयांचा आधुनिकीकरण प्रकल्प मंजूर केला. त्यातून नवी मुंबईत मोठे डेटा सेंटर आणि आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून मैसूरुत दुसरे केंद्र उभे राहिले. आता वही इमारतीबाहेर गेली. काउंटरवरची प्रत्येक कळ शेकडो किलोमीटर दूरच्या यंत्राला विचारून पुढे सरकू लागली. ही प्रणाली बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनी उभारून दिली होती. २०२५ ची प्रणाली मात्र खात्याच्याच मैसूरु येथील ‘सेंटर फॉर एक्सलन्स इन पोस्टल टेक्नॉलॉजी’ने घडवली. तिची पहिली चाचणी मे-जून २०२५ मध्ये कर्नाटक परिमंडळात झाली, म्हणजे आपल्या या टपाल सहायकाच्या कार्यालयावरूनच ती जाणार होती. निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्याला चौथ्यांदा काम नव्याने शिकायचे होते.

त्याच्या हातात जे सतत राहिले, ते म्हणजे वस्तूवरचा क्रमांक. स्पीड पोस्टच्या पावतीवर दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे अशी तेरा चिन्हे असतात. ही जागतिक टपाल संघाची पद्धत. नऊ अंकांपैकी पहिले आठ हा खरा क्रमांक. नववा अंक त्या आठांवरून काढलेला असतो आणि त्याचे काम केवळ पहारा देण्याचे. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागून उरणारी बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आले तर ० लिहायचा, ११ आले तर ५. क्रमांक १२३४५६७८ असेल तर बेरीज २०४ येते; बाकी ६, म्हणून पहारेकरी अंक ५. घाईत कोणी शेवटचे दोन अंक उलटे लिहून १२३४५६८७ केले, तर बेरीज २०६ होते, बाकी ८ आणि अंक ३ यायला हवा. समोर ५ दिसताच यंत्र क्रमांक नाकारते. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे एखादा अंक चुकला की बाकी बदलतेच. तरी बाकी ० असो वा ६, नववा अंक ५ च येतो. तेवढी एक बारीक फट या पहाऱ्यात राहिली आहे. चूक होणारच हे गृहीत धरून तिला पकडण्याची जागा आधीच करून ठेवायची, ही वृत्ती साऱ्या चांगल्या व्यवहारप्रणालींच्या मुळाशी असते.

आता क्लाउडची गरज का पडावी, हे साध्या गणिताने पाहता येते. दिवसाला ३२ लाख नोंदणी आणि ३७ लाख वितरणे म्हणजे ६९ लाख नोंदी. आठ तासांच्या कामात त्या सारख्या वाटल्या तर सेकंदाला सुमारे २४० पडतात. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याची नोंद त्यात धरलेली नाही. शिवाय टपाल सारखे वाटून येत नाही. दुपारच्या दोन तासांत निम्मे काम आले तर वेग सेकंदाला सुमारे ४८० होतो, आणि राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा तर वेगळाच असतो. स्वतःचे डेटा सेंटर बांधणाऱ्याला या सर्वांत गर्दीच्या आठवड्याच्या मापाने यंत्रे विकत घ्यावी लागतात, आणि उरलेले वर्षभर त्यातली बरीचशी रिकामी फिरतात. क्लाउडमध्ये एकाच यंत्रसमूहावर अनेक खात्यांची कामे चालतात. ज्याला आज गरज आहे त्याला आज अधिक यंत्रशक्ती मिळते, गर्दी ओसरली की ती परत जाते. मेघराजची कल्पना हीच होती, की प्रत्येक सरकारी खात्याने वेगळी विहीर खणण्याऐवजी सर्वांनी एका जलाशयातून पाणी घ्यावे.

दुसरा बदल रचनेचा. जुन्या धाटणीच्या प्रणाली अखंड भिंतीसारख्या असत; एक वीट बदलायची तर भिंतीला टेकू द्यावा लागे. नव्या प्रणालीत नोंदणी, वाहतूक, वितरण, हिशेब अशा कामांचे छोटे स्वतंत्र भाग केलेले असतात. त्यांना ‘मायक्रोसर्व्हिस’ म्हणतात. वितरणाचा भाग दुरुस्त करताना नोंदणी थांबवावी लागत नाही. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. पूर्वी एकाच यंत्रात पूर्ण होणारा व्यवहार आता चार भागांतून जातो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भागांमध्ये काही बिघडले तर अर्धा व्यवहार लोंबकळत राहण्याचा धोका निर्माण होतो. त्यावरचा उपाय पुन्हा जुन्या हिशेबनिसांचाच आहे. झालेली नोंद खोडायची नाही. तिच्या विरुद्ध उलट नोंद करून मेळ पूर्ववत करायचा आणि दोन्ही नोंदी वहीत ठेवायच्या. कार्बन कागदाच्या काळात आपल्या टपाल सहायकाला हेच शिकवले गेले होते. चुकीवर शाई फासणाऱ्याला तेव्हाही माफी नव्हती.

खरी कसोटी मात्र क्लाउडच्या दुसऱ्या टोकाला आहे. देशातील सुमारे ९० टक्के डाकघरे ग्रामीण भागात आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य शाखा डाकघरे ग्रामीण डाक सेवक चालवतात. पुष्कळदा घराच्याच एका खोलीत. डिसेंबर २०१७ मध्ये ‘दर्पण’ प्रकल्पाखाली अशा १ लाख २९ हजार शाखांना हातात मावणारी, सौरऊर्जेवर चालू शकणारी यंत्रे देण्याचे काम सुरू झाले. वीज नसली तरी काम चालावे आणि संपर्क नसला तर नोंद यंत्रातच राहून नंतर वर जावी, अशी त्यामागची योजना होती. डोंगरामागे संपर्क जातो, पावसात जातो, कधी कारण न कळता जातो.

समजा, शाखा डाकपालाने एका वृद्धेला मनिऑर्डरचे २,००० रुपये दिले आणि यंत्रावर नोंद पाठवली. चक्र फिरत राहिले आणि संपर्क तुटला. या क्षणी तीन शक्यता आहेत. नोंद वर पोहोचलीच नाही. पोहोचली पण स्वीकारली गेली नाही. किंवा व्यवस्थित नोंदली गेली आणि ‘झाले’ हे उत्तर परतीच्या वाटेवर हरवले. यंत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही शक्यता अगदी सारख्याच दिसतात. तो पुन्हा कळ दाबतो. दाबणे स्वाभाविकच आहे. आणि तिसरी शक्यता खरी असेल तर २,००० रुपये दोनदा दिल्याची नोंद होऊ शकते.

दूरदूरच्या यंत्रांवर पसरलेल्या प्रणालीला ही कोंडी टाळता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये एक विधान मांडले आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते सिद्ध केले. संपर्क तुटलेल्या काळात अशा प्रणालीला दोहोंपैकी एक निवडावे लागते. प्रत्येक उत्तर अचूक असल्याची हमी द्यायची तर काही वेळा उत्तर नाकारावे लागते. सदैव उत्तर द्यायचे तर ते कधी शिळे असू शकते. दोन्ही एकदम मिळत नाही. मग डोंगरामागच्या डाकघराने संपर्क नसताना दार बंद करावे, की व्यवहार करून नंतर मेळ घालावा? टपाल खात्याने इतिहासभर दुसरा मार्ग पत्करला आहे, कारण दारात उभ्या असलेल्या वृद्धेला ‘उद्या या’ म्हणण्याची किंमत तिच्या पायांनी मोजावी लागते.

तोच मार्ग धरायचा, तर प्रणालीत एक गुण असावाच लागतो. प्रत्येक व्यवहाराला उगमापाशीच एक अद्वितीय क्रमांक मिळावा, आणि तोच क्रमांक घेऊन आलेली नोंद दहा वेळा आली तरी वरच्या यंत्राने ती एकदाच धरावी; बाकी नऊ वेळा ‘ही नोंद आधीच झाली आहे’ एवढेच सांगावे. इंग्रजीत या गुणाला ‘आयडेम्पोटन्स’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर, लिफ्टचे बटण दहादा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते. शब्द तांत्रिक आहे, परंतु तो नसल्याने काय घडते, याचा इतिहास माणसांच्या आयुष्यांनी लिहिला गेला आहे.

तो इतिहास ब्रिटनमधला. तिथल्या टपाल कार्यालयांत १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. छोटी डाकघरे चालवणाऱ्या उपडाकपालांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पडद्यावरचा आकडा आणि पेटीतली रोकड जुळत नव्हती. करारानुसार तूट त्यांनीच भरायची होती. अनेकांनी घरे गहाण टाकून ती भरली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप सिद्ध झाल्याचे ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काही दिवाळखोर झाले, काहींनी जीवन संपवले. न्यायालयांत संगणक बरोबरच चालत होता असे गृहीत धरले जाई. तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे प्रणालीच्या आतल्या नोंदी नव्हत्या, त्या आरोपीवर पडे.

होरायझनच्या अनेक दोषांपैकी एक स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१५ मध्ये तिथे ८,००० पौंडांच्या रोकडीची नोंद करताना पडदा अडकला. कळ पुन्हा दाबली गेली. ८,००० पौंड आल्याची नोंद चारदा झाली आणि हिशेबात २४,००० पौंडांची तूट उभी राहिली, जी प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हती. एका अद्वितीय क्रमांकाची तपासणी असती, तर पुढच्या तीन नोंदी जागच्या जागी परत गेल्या असत्या. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष असल्याचे आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दुरून, डाकपालाच्या नकळत, शाखेच्या नोंदींत बदल करणे शक्य होते हे मान्य केले. अखेर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने विशेष कायदा करून उरलेल्या दोषसिद्धी एकत्रितपणे रद्द केल्या. पंचवीस वर्षे लोटली होती.

भारतातील नव्या प्रणालीत असे काही घडले आहे, असा या आठवणीचा अर्थ नाही. टपालाची व्यवहारप्रणाली नव्याने उभारणाऱ्या प्रत्येक देशाने भिंतीवर लावून ठेवावी अशी ही गोष्ट आहे, एवढेच. वेग, सोय, बचत यांचे आकडे प्रसिद्धिपत्रकात येतात. मेळ बसला नाही त्या संध्याकाळी खालच्या माणसाच्या बाजूने बोलणारी नोंद प्रणालीत आहे का, हा प्रश्न सहसा येत नाही. कागदी वहीत ती सोय होती. वही त्याच्याच ताब्यात असे, खाडाखोड दिसे, सही कोणाची ते कळे. वही क्लाउडवर गेली की हा पुरावा त्याच्या हातून जातो. म्हणून तो त्याला परत मिळेल अशी तजवीज करणे हे आधुनिकीकरणाचेच काम ठरते. आपल्या यंत्रावरून गेलेली प्रत्येक नोंद, तिची वेळ, तिला मिळालेले उत्तर आणि नंतर कोणी काही बदलले असल्यास त्या बदलाचा माग त्याला पाहता यायला हवा.

चालू गाडीचे चाक बदलण्यासारखे आणखी एक अवघड काम २०२५ च्या त्या महिन्यांत झाले. कर्नाटकात नवी प्रणाली सुरू झाली तेव्हा शेजारच्या महाराष्ट्र परिमंडळात, ज्यात गोवाही येतो, जुनीच चालू होती. बेळगावात नव्या प्रणालीत नोंदवलेले पार्सल घाट उतरून पणजीला किंवा पुढे कोल्हापूरला जुन्या प्रणालीत वितरित व्हायचे होते, आणि तिकडची पत्रे उलट दिशेने यायची होती. दोन प्रणाली एकमेकींच्या भाषेत बोलल्या नाहीत, तर पत्र सीमेवर पोहोचते आणि नोंदीत हरवते. परिमंडळामागून परिमंडळ बदलत जाण्याचा हा मार्ग एका रात्रीत सारे पालटण्यापेक्षा सुरक्षित खरा, परंतु त्यात मधल्या काळापुरता असा पूल बांधावा लागतो, जो शेवटी काढूनच टाकायचा असतो.

शेवटची परिमंडळे ४ ऑगस्टला आली आणि राखीपौर्णिमा होती ९ ऑगस्टला. वर्षातला गर्दीचा आठवडा आणि नव्या प्रणालीचा पहिला आठवडा एकत्र आले. अनेक ठिकाणांहून मंदावलेल्या यंत्रणेच्या आणि लांबलेल्या रांगांच्या बातम्या त्या दिवसांत झळकल्या. क्लाउडची लवचीक शक्ती कागदावर पुरेशी असली, तरी प्रत्यक्ष भार कुठे अडतो हे बहुधा भार पडल्यावरच समजते. कधी जोडणीत, कधी एखाद्या छोट्या भागात, तर कधी नवा पडदा पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाच्या बोटांत. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला यांतले काही दिसत नाही. त्याला पलीकडचा चेहरा दिसतो, आणि तो रागावतो त्या चेहऱ्यावर. आपल्या टपाल सहायकाच्या पिढीने हे राग चार वेळा झेलले आहेत. नव्या प्रणालीच्या खर्चात हा खर्च कुठेही मांडलेला नसतो.

जबाबदारीची साखळी जिथे संपते, त्या दाराचाही विचार या निमित्ताने झाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. सारख्या नावांची गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांच्या गोंधळातून त्यांच्या सहा अंकांनी वाट काढली. मात्र पिन कोड वितरण करणाऱ्या डाकघरापर्यंत नेतो. त्यापुढे पोस्टमनची स्मरणशक्ती. २७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने विकसित केलेली ‘डिजिपिन’ ही दहा चिन्हांची पद्धत खुली केली. तिच्यामागचे गणित सुबोध आहे. भारत सामावेल असा ३६ अंश लांब आणि ३६ अंश रुंद चौकोन घ्यायचा, त्याचे चार गुणिले चार असे सोळा भाग करायचे, प्रत्येक भागाला एक चिन्ह द्यायचे, आणि हीच कृती दहा वेळा करायची. चारचा दहावा घात १०,४८,५७६. ३६ अंशांना त्याने भागले की एका बाजूची लांबी विषुववृत्ताच्या मापाने सुमारे ३.८ मीटर येते. एखाद्या ओटीएवढी जागा.

नवी प्रणाली या चिन्हांचा उपयोग करू शकते, आणि दारात सहीऐवजी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून वस्तू घेण्याची सोयही तिच्यात आहे. सही पोस्टमनच्या डोळ्यांदेखत होत असे. ओटीपी हा पुरावा अधिक पक्का, कारण तो खोटा करणे अवघड. परंतु तो दारात फोन आहे, तो भारलेला आहे आणि ज्याचे पत्र त्याच्याच हातात आहे, असे गृहीत धरतो. ज्या घरात एकच फोन असतो आणि तो मुलासोबत शहरात गेलेला असतो, तिथे पोस्टमनला पुन्हा स्वतःच्या ओळखीवरच विसंबावे लागते. ४ मीटरच्या चौकोनात पत्ता गाठणाऱ्या प्रणालीने या ओळखीसाठीही जागा राखून ठेवली पाहिजे.

क्लाउडचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या साऱ्यातून एक गोष्ट घेता येईल. यंत्रे किती आहेत, ती कुठे आहेत, ती कोणाची आहेत, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि दर दहा-पंधरा वर्षांनी त्यांची उत्तरे बदलतात. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, हा व्यवहार झाला की नाही, आणि चूक झाली तर ती कोणाची हे कसे कळेल, हे प्रश्न लाखेच्या मोहरेपासून तसेच आहेत. प्रणाली लिहिणारा मैसूरुत बसतो, यंत्रे डेटा सेंटरमध्ये फिरतात. परंतु संध्याकाळी मेळ जुळवायला बसतो तो शाखा डाकपाल, आणि त्याच्यासमोर जुनाच प्रश्न असतो. पेटीतल्या नोटा एक आकडा सांगतात, पडदा दुसरा सांगतो. अशा वेळी प्रणालीने त्याच्यावर संशय घेण्याआधी स्वतःच्या नोंदी उघडून दाखवल्या, तर मेघराजावर केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.